पडलेल्याला उभं करणारा

मंडळी, गेल्या पंधरा-वीस वर्षांत मराठीत जी नवी वाक्यं रुळली, त्यांत एका वाक्याला मी पहिला नंबर देईन. "सर्व्हर डाऊन आहे." मलकापूरपासून लोणारपर्यंत आणि जळगाव जामोदपासून देऊळगाव राजापर्यंत, आमच्या बुलढाणा जिल्ह्यात या वाक्याचा अर्थ सांगावा लागेल असा माणूस सापडणं कठीण. सेतू केंद्र, बँक, रेशन दुकानातलं अंगठ्याचं मशीन, पीकविम्याचा फॉर्म, सगळीकडे हेच. आयुष्यात शाळेची पायरी न चढलेली आजीसुद्धा घरी येऊन सुनेला सांगते, "सर्वर डाऊन हाये म्हनते, उद्या बलावलं."

पण या गोष्टीचा दुसरा अर्धा भाग कोणी बोलत नाही. डाऊन झालेला सर्व्हर वर येतो कसा? त्याला उठवतं कोण? रात्री दोन वाजता काही बंद पडलं आणि सकाळी दहाला सगळं सुरळीत असलं, तर मधल्या आठ तासांत तिथे कोण जागं होतं?

मी मराठी माध्यमातून बी.ए. झालेला आणि आयुष्यभर पोरांना इतिहास शिकवलेला माणूस. संगणकाशी माझा संबंध निवृत्तीनंतरचा. पण माझा पुतण्या पुण्यात हेच काम करतो, आणि "काका, तुम्हाला यातलं काय करायचंय?" असं न म्हणता तो माझ्या प्रश्नांना फोनवर तासतासभर उत्तरं देतो. त्याच्याशी बोलून आणि थोडं वाचून जे हाती लागलं, ते इतिहासाच्या मास्तरला शोभेल अशा क्रमाने मांडतो. कारण हा इतिहासच आहे, आणि चांगला पन्नास-पंचावन्न वर्षांचा आहे.

आधी एक समजूत दुरुस्त करू. सर्व्हर म्हणजे आपल्या टेबलावरच्या संगणकाचाच थोरला भाऊ. त्याच्यासमोर बहुधा कोणी बसलेलं नसतं. त्याच्या पोटात एकाच वेळी अनेक प्रोग्रॅम चालू असतात. एक पानं दाखवतो, एक नोंदी सांभाळतो, एक टपाल पोचवतो, एक घड्याळ बघून ठरलेल्या वेळी ठरलेली कामं करतो. यांतल्या प्रत्येकाला सर्व्हिस म्हणतात, म्हणजे सेवा. "सर्व्हर डाऊन" म्हणतात तेव्हा पुष्कळदा अख्खं यंत्र बंद पडलेलं नसतं, या सेवांपैकी एखादी आडवी झालेली असते.

अशा पाठीमागे राहून राबणाऱ्या प्रोग्रॅमला इंग्रजीत 'डेमन' म्हणतात. हा शब्द १९६३ च्या सुमाराचा, अमेरिकेतल्या एमआयटीमधल्या प्रोजेक्ट मॅकचा. फर्नांडो कॉर्बाटो यांच्या गटाने तो भौतिकशास्त्रातून उचलला. मॅक्सवेल या शास्त्रज्ञाने एक काल्पनिक डेमन मांडला होता, जो दारात बसून हवेचे रेणू न थकता निवडत राहतो. आपल्याकडच्या गोष्टीतलं ते भूत आठवा, ज्याला सारखं काम द्यावं लागतं आणि शेवटी मालक त्याला खांबावर चढ-उतर करायला लावतो. संगणकातलं भूत त्याच जातीचं. फरक एवढाच की हे भूत चढता चढता कधी कधी पडतं.

पडणार हे गृहीत धरून आधीच तयारी करायची, हे शहाणपण संगणकाच्या जगात केव्हा आलं? याचं सगळ्यांत गाजलेलं उदाहरण २० जुलै १९६९ चं. अपोलो ११ चं यान चंद्रावर उतरत होतं. आपल्याकडे तेव्हा २१ तारीख लागली होती, मध्यरात्र उलटून पावणेदोन वाजले होते. उतरता उतरता यानातल्या संगणकाने १२०२ क्रमांकाचा इशारा दिला. त्या क्षणी गरज नसलेल्या एका रडारचे संकेत येत राहिल्याने त्याच्यावर कामाचा बोजा झाला होता. त्या संगणकाने काय केलं? स्वतःला पुन्हा सुरू केलं, कमी महत्त्वाची कामं सोडून दिली आणि यान चालवण्याचं काम जिथे सुटलं होतं तिथून पुढे उचललं. असं काही मिनिटांत अनेकदा झालं, तरी यान उतरलं. एमआयटीत मार्गारेट हॅमिल्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही व्यवस्था आधीच लिहून ठेवली होती. "आमचा प्रोग्रॅम अडकणारच नाही" या भरवशावर ते बसले नव्हते. "जिथे सुटलं तिथून पुढे" हे शब्द लक्षात ठेवा, शेवटी त्यांची गरज पडणार आहे.

त्याच उन्हाळ्यात, १९६९ मध्येच, न्यू जर्सीतल्या बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन यांनी एका जुन्या, बाजूला पडलेल्या पीडीपी-७ यंत्रावर नवी संगणकप्रणाली लिहायला घेतली. डेनिस रिची त्यांच्या सोबतीला होते. हीच पुढे युनिक्स. तिच्या पहिल्या आवृत्तीच्या माहितीपुस्तकावर ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख आहे, आणि त्या पुस्तकात 'इनिट' नावाच्या प्रोग्रॅमची माहिती आहे. आपल्या गोष्टीचा नायक हाच.

यंत्र सुरू झालं की इनिट उठतो. त्या काळी पडदे नव्हते, टंकयंत्रासारखी टेलीटाइप यंत्रं तारेने जोडलेली असायची. इनिट प्रत्येक टेलीटाइपसाठी एक वेगळा प्रोग्रॅम जन्माला घालायचा, तो "लॉगिन" असं छापून माणसाची वाट बघायचा. माणूस आला, काम केलं, निघून गेला, की तो प्रोग्रॅम संपायचा. मग इनिट जागा होऊन त्याच टेलीटाइपवर नवा प्रोग्रॅम उभा करायचा आणि पुन्हा "लॉगिन" छापलं जायचं. एवढंच. एक संपला, दुसरा उभा. आपोआप पुन्हा सुरू करण्याचं युनिक्समधलं मूळ इथे आहे.

इनिटला हे कळतं कसं, ते समजल्यावर मला मोठी मौज वाटली. युनिक्समध्ये प्रत्येक चालू प्रोग्रॅमला आई-बाप असतो आणि नंबर असतो. मूल मेलं की प्रणालीचा गाभा, ज्याला कर्नल म्हणतात, तो बापाला निरोप देतो. बापाने फक्त वाट पाहत बसायचं. इनिटचा नंबर नेहमी एक. बाकी सगळे त्याचीच लेकरं-नातवंडं. आणि एखाद्या प्रोग्रॅमचा बाप आधी गेला, तर त्या पोरक्याला इनिट दत्तक घेतो. अशी व्यवस्था माणसांत असती तर किती बरं झालं असतं, असं वाटून गेलं.

आता आपल्या महाराष्ट्राकडे येऊ. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या डॉ. सी. रंगराजन यांच्या समितीने १९८४ च्या अहवालात बँकांत संगणक आणण्याचा रस्ता आखला. पुढच्या दशकात अनेक बँकांच्या शाखांतून युनिक्सची यंत्रं आली. आमच्या तालुक्याच्या गावी ज्या बँकेत आम्हा शिक्षकांचा पगार जमा व्हायचा, तिथे काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं दिसायची. कारकून काम संपवून उठला की पडदा पुसला जाई आणि क्षणात "लॉगिन" शब्द परत येऊन लुकलुकत बसे. तेव्हा ते कोण लिहितंय याचा विचार कुणाच्या मनात येणार? आज कळतं, तो इनिट होता. १९७१ पासून तेच करत आला होता, फक्त टेलीटाइपच्या जागी पडदा आला होता.

मुंबईला जुहूमध्ये नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी ही संस्था १९८५ मध्ये उभी राहिली. १९८६ मध्ये सुरू झालेल्या अर्नेट प्रकल्पातल्या आठ संस्थांपैकी ती एक. सामान्य माणसाला इंटरनेट मिळालं ते १५ ऑगस्ट १९९५ ला, पण त्याच्या कितीतरी आधी देशातल्या संशोधकांची ई-पत्रं या संस्थेतून बाहेरदेशी जात. तिथल्या एका यंत्राचं नाव होतं 'शक्ती'. त्या काळच्या टेलिफोन लाइनी तुम्हाला आठवत असतील. ट्रंक कॉल लावून दिवसभर बसायचं आणि लागला की दोन वाक्यांत तुटायचा. अशा लाइनींवर पत्रं पोचवायला युनिक्सकडे यूयूसीपी नावाची सोय होती, बेल लॅब्जच्या माइक लेस्क यांची, १९७६ ची. पत्र आधी रांगेत ठेवायचं, फोन लावायचा, नाही लागला तर थांबायचं, पुन्हा लावायचा. तुटणाऱ्या तारांच्या देशाला ही चिकाटी फार मानवली.

आणि आमच्या विदर्भाचाही यात वाटा आहे बरं का! नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं 'लेट अस सी' हे सी भाषेवरचं पुस्तक देशभरातल्या विद्यार्थ्यांनी वाचलं. युनिक्सवरही त्यांचं पुस्तक आहे. माझ्या पुतण्याने शिकताना वापरलेली त्यांची पुस्तकं अजून आमच्या माळ्यावर आहेत.

पुढे १९८३ मध्ये एटी अँड टी कंपनीने युनिक्सची 'सिस्टिम फाइव्ह' ही आवृत्ती बाजारात आणली. तिच्यात इनिटसाठी एक तक्ता असे. कोणता प्रोग्रॅम केव्हा सुरू करायचा ते एकेका ओळीत लिहायचं, आणि ज्या ओळीत 'रिस्पॉन' हा शब्द असेल तो प्रोग्रॅम मेला की इनिटने लगेच पुन्हा जन्माला घालायचा. पण गंमत बघा, हा शब्द मुख्यतः लॉगिनच्या प्रोग्रॅमपुरताच वापरला गेला. खऱ्या सेवा, टपाल आणि नोंदी वगैरे, वेगळ्या पद्धतीने सुरू होत. त्यांच्यासाठी क्रमांक घातलेल्या छोट्या आज्ञापत्रिका असत. यंत्र सुरू झालं की त्या ओळीने चालायच्या. आधी शिपायाने कुलूप काढायचं, मग पाणी भरायचं, मग घंटा, मग परिपाठ, मग हजेरी, तसंच. आधी डेटाबेस, मग त्यावर अवलंबून असलेला पुढचा. २००५ नंतरच्या काही वर्षांत आपण जे भारनियमन भोगलं, त्यात या क्रमाची किंमत कळत असे. बॅटरी संपून यंत्र बंद पडलं आणि वीज आल्यावर उठलं, की ज्या सेवांची नावं क्रमात लिहिलेली होती त्या आपोआप उठायच्या. ज्यांची लिहायची राहिली होती त्या माणूस येईपर्यंत निजलेल्या.

पण अडचण निराळीच होती. या आज्ञापत्रिका सेवेला उभं करायच्या आणि निघून जायच्या. सेवाही जाणूनबुजून आपल्या बापापासून फारकत घ्यायची आणि इनिटची दत्तक मुलगी व्हायची. दत्तक मूल मेलं तर इनिट अंत्यविधी उरकायचा, पण ते कोण होतं आणि त्याला पुन्हा उभं करायचं का, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसे! मग सेवा जिवंत आहे का हे कसं ओळखायचं? तर सुरू होताना तिने आपला नंबर एका फायलीत लिहून ठेवायचा. फायलीत नंबर आहे, म्हणजे सेवा आहे.

आम्हा शिक्षकांना इथे हसू आल्याशिवाय राहणार नाही. ३ ते ५ ऑक्टोबर २०११ ची राज्यभरातली पटपडताळणी आठवते ना? हजेरीपटावर नाव आहे, म्हणजे मूल आहे, असं इतकी वर्षं धरलं होतं. प्रत्यक्ष डोकी मोजली तेव्हा कित्येक ठिकाणी नावं होती आणि मुलं नव्हती. युनिक्समध्ये हुबेहूब तेच व्हायचं. सेवा केव्हाच मेलेली, फायलीत नंबर मात्र जिवंत. त्याहून वाईट म्हणजे तोच नंबर तोवर दुसऱ्याच कुठल्या प्रोग्रॅमला मिळालेला असायचा आणि "जुनी सेवा थांबव" म्हटलं की भलत्याचाच बळी जायचा.

यावर डॅनियल बर्नस्टाइन या शिकागोच्या गणिती प्राध्यापकाने १९९० च्या दशकाच्या शेवटी 'डेमनटूल्स' नावाचा संच लिहिला. त्याचं म्हणणं साधं होतं. कागदावर विसंबू नका. प्रत्येक सेवेमागे एक पालक उभा करा, सेवेने त्या पालकाचा हात सोडून जायचं नाही. सेवा मेली की कर्नल पालकाला सांगेल आणि पालक तिला उठवेल. थोडक्यात, त्याने १९७१ च्या इनिटचीच जुनी युक्ती प्रत्येक सेवेला लावून दिली. आपल्याकडेही पुष्कळदा असंच होतं, आजोबांची पद्धत नातू नव्याने शोधून काढतो.

आता इथपर्यंत वाचून कुणाला वाटेल, प्रश्न सुटला. पडलं की उचला, झालं. पण याच इतिहासात एक दिवस असा आहे, जो मी विद्यार्थ्यांना शिकवू शकलो असतो तर फार आवडलं असतं. १५ जानेवारी १९९०, सोमवार. अमेरिकेत एटी अँड टी कंपनीचं, म्हणजे ज्या घरात युनिक्स जन्मली त्याच घरचं, लांब पल्ल्याचं टेलिफोनचं जाळं दुपारी कोलमडलं. सुमारे नऊ तास जवळपास निम्मे कॉल लागेनात. कारण काय? न्यू यॉर्कमधल्या एका स्विचमध्ये किरकोळ बिघाड झाला. नियमाप्रमाणे त्याने स्वतःला बंद करून काही सेकंदांत पुन्हा सुरू केलं. इथवर सगळं पुस्तकाप्रमाणे. उठल्यावर त्याने शेजारच्या स्विचांना "मी आलो" असे निरोप पाठवले. आदल्या महिन्यात बदललेल्या प्रोग्रॅममध्ये सी भाषेतल्या एका शब्दाची जागा चुकली होती. त्यामुळे लागोपाठ दोन निरोप आले की शेजारचा स्विच गोंधळायचा, स्वतःला बंद करून पुन्हा सुरू व्हायचा, आणि उठल्यावर तोही आपल्या शेजाऱ्यांना "मी आलो" सांगायचा. असे ११४ स्विच एकमेकांना पाडत आणि स्वतः उठत राहिले. प्रत्येक जण काही सेकंदांतच उभा राहत होता. कुणीही मेलेलं नव्हतं. तरी जाळं नऊ तास आजारी होतं, कारण तिथे उठणं हाच संसर्ग झाला होता.

म्हणून उचलणाऱ्याला थांबणंही शिकवावं लागतं. लिनक्स, म्हणजे फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये सुरू केलेली युनिक्सच्या धर्तीची प्रणाली, तिच्यावरच्या जुन्या इनिटमध्ये एक सुंदर नियम होता. एखादा प्रोग्रॅम दोन मिनिटांत दहापेक्षा जास्त वेळा मेला, तर त्याला पाच मिनिटं उठवायचं नाही आणि पडद्यावर तक्रार लिहायची की हा फार वेगाने मरतो आहे. यात किती माणुसकी आहे बघा. वारंवार पडणाऱ्याला क्षणभर पडून राहू द्या, आणि कुणाला तरी हाक मारा.

२००५ पासूनच्या दहा वर्षांत या क्षेत्रात मोठी घडामोड झाली. सन कंपनीच्या सोलारिस १० मध्ये, ॲपलच्या टायगर आवृत्तीत, आणि २००६ मध्ये उबुंटूमध्ये इनिटचे नवे वारस आले. ३० एप्रिल २०१० रोजी जर्मनीच्या लेनार्ट पोएटरिंग यांनी 'सिस्टिमडी' जगापुढे मांडली. फेडोराने ती २०११ मध्ये घेतली. डेबियन या स्वयंसेवकांच्या प्रकल्पात मात्र यावरून असं भांडण जुंपलं की आमच्या सहकारी सोसायटीच्या निवडणुका फिक्या पडाव्यात. फेब्रुवारी २०१४ मध्ये तांत्रिक समितीत मतं समसमान पडली आणि अध्यक्षांच्या निर्णायक मताने सिस्टिमडी निवडली गेली. काही मंडळी नाराज होऊन वेगळं घर करून बसली. विरोधकांचं म्हणणं मला पटण्यासारखं वाटतं. नंबर एकच्या प्रोग्रॅमने थोडंच काम करावं, कारण तो मेला तर सगळं घरच बसतं. पण २०१५ पर्यंत डेबियन आणि उबुंटू दोन्हींनी ती स्वीकारली आणि आज बहुतेक लिनक्स सर्व्हरांवर तीच असते.

सिस्टिमडीने केलेली मोठी गोष्ट म्हणजे एका सेवेची सगळी पिलावळ तिने एका गटात बांधली. कोणी कितीही फारकत घेतली तरी गटातून सुटका नाही, त्यामुळे खोटी हजेरी संपली. प्रत्येक सेवेसाठी एक छोटी फाइल असते. तिच्यात लिहायचं, ही कुणानंतर सुरू करायची, कशी सुरू करायची, आणि पडली तर काय करायचं. कधीच उठवू नको, नेहमी उठव, किंवा वाईट रीतीने मेली तरच उठव, असे पर्याय असतात. काम संपवून शहाण्यासारखी गेली असेल तर तिला जाऊ द्यायचं! आणि थांबण्याचा नियम इथेही आहे. वेगळं काही सांगितलं नाही तर दहा सेकंदांत पाच वेळा सुरू करून झालं की पुढे उठवणं बंद, सेवा 'फेल्ड' म्हणून नोंदवायची.

आणखी एक प्रकार असतो. सेवा मेलेली नसते, पण डोळे उघडे ठेवून बधिर झालेली असते. तिला ओळखायचं कसं? पूर्वी रात्री गुरखा गल्लीतून काठी आपटत, शिट्टी वाजवत जायचा. काठीचा आवाज येत होता तोवर आपण झोपलेले. बराच वेळ आवाज आला नाही की म्हातारी माणसं उठून बसायची. संगणकात हेच करतात. सेवेने ठरावीक वेळाने "मी आहे" असं कळवायचं. वेळ उलटून गेली आणि निरोप नाही, तर तिला मेलेली समजून नव्याने उभी करायची. आणि खुद्द नंबर एकच बधिर झाला तर? त्यासाठी यंत्रातच एक घड्याळ बसवलेलं असतं. त्याला वेळेवर कोणी शिवलं नाही, तर ते सबंध यंत्रच बंद करून पुन्हा सुरू करतं.

हे सगळं ऐकून मी पुतण्याला विचारलं, "मग तुझ्यासाठी काम काय उरलं?" तो म्हणाला, "काका, उठवायला मशीन आहे. ते का पडलं हे शोधायला मी आहे. आणि ते शोधायचं तर आधी लिहिलेलं पाहिजे."

लिहिलेलं म्हणजे लॉग. प्रत्येक सेवा कधी उठली, कधी पडली, पडताना काय म्हणाली, याची तारीखवार वही. मला लगेच आमच्या शाळेतला एक मुलगा आठवला. चौथीत होता, हुशार. मधूनच गायब व्हायचा. आम्ही दोन पोरं घरी पाठवायचो, तो यायचा, चार दिवस नीट बसायचा, पुन्हा गायब. वर्षभर हेच केलं असतं तरी कागदावर तो "नियमित" दिसला असता, कारण प्रत्येक वेळी आलाच ना! मुख्याध्यापकांनी एकदा तीन महिन्यांचे हजेरीपट शेजारीशेजारी मांडले. मुलगा नेमका आठवडी बाजाराच्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी नसायचा. बाप बाजाराला जायचा आणि बकऱ्या याच्या गळ्यात पडायच्या. कारण कळल्यावर इलाज साधा होता, बकऱ्यांची सोय शेजाऱ्याकडे झाली. त्याला दरवेळी उचलून आणणं गरजेचंच होतं, नाहीतर त्याचं वर्ष गेलं असतं. पण त्याचं पडणं थांबलं ते वहीमुळे.

आपोआप उठवण्याची सोय जितकी चांगली, तितकं पडणं लपतं. ही या इतिहासातली मला दिसलेली खरी अडचण. पूर्वी सेवा पडली की माणसाला रात्री उठून जावं लागे. त्या त्रासापायी तो कारण शोधे. आज सेवा रात्रीत चाळीस वेळा पडून चाळीस वेळा क्षणार्धात उठू शकते, आणि सकाळी हिरवा दिवा बघून सगळे चहा घेतात.

पण समोर बसलेल्या माणसाला ते लपत नाही. आपल्या महाराष्ट्रात १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला, ही फार मोठी सोय झाली, तलाठ्याच्या मागे फिरणं कमी झालं. पण पीकविम्याची मुदत साधारण जुलैअखेर असते. त्या आठवड्यात सेतू केंद्रांवर जी गर्दी उसळते ती मी दरवर्षी बघतो. एखादा शेतकरी गट नंबर, पेरा, बँक खातं असं सगळं सांगून फॉर्म अर्ध्यावर येतो आणि पडदा पांढरा होतो. मिनिटभरात सगळं परत सुरू होतं, पण फॉर्म कोरा! एकदा एक जण माझ्यासमोर म्हणाला, "कालबी तं हेच झालं बापा, दोन रोजची मजुरी बुडाली." केंद्रावरचा पोरगा बिचारा काय सांगणार? त्याच्या दृष्टीने सर्व्हर चालूच होता.

इथे चंद्रावर उतरणाऱ्या त्या संगणकाची आठवण येते. तो नुसता उठला नव्हता, जिथे सुटलं तिथून पुढे गेला होता. इनिट असो वा सिस्टिमडी, ती सेवेला उभं करते. सेवेच्या हातात तेव्हा कुणाचं काय काम होतं, ते तिला ठाऊक नसतं. ते जपणं प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या हाती असतं. प्रत्येक पायरीला नोंद करून ठेवली, तर पडून उठल्यावर त्या शेतकऱ्याचा फॉर्म तिथूनच पुढे जातो. नाही ठेवली, तर सेवा वाचते आणि माणसाचा दिवस जातो. १९६९ मध्ये नखाएवढ्या स्मरणशक्तीच्या संगणकात हे करता आलं होतं, तेव्हा आज जमत नाही असं कसं म्हणावं?

असो. फार लांबलं, मास्तरकीची सवय जात नाही. आपल्या नात्यागोत्यात आता घरटी एक तरी मूल या व्यवसायात आहे, पुण्यात नाहीतर बंगळुरूला, कुणी अमेरिकेत. त्यांच्यासाठी म्हणून एवढंच सांगतो. तुमच्या सेवा रात्रीत किती वेळा पडल्या आणि उठल्या ते सकाळी वहीत बघत जा, हिरव्या दिव्यावर जाऊ नका. आणि पडताना तिच्या हातात कुणाचा फॉर्म होता, तेही विचारत जा.